पाणी ढकलणारी फ्लाय घरी कशी बांधायची: केस कमी, डोकं रुंद

फ्लाय म्हणजे हुकवर केस आणि पिसं बांधून केलेलं माशाचं खोटं भक्ष्य. पाणी गढूळ असलं किंवा दिवस मावळून पाण्याखाली काहीच दिसेनासं झालं की मासा फ्लायकडे येतो तो डोळ्यांच्या भरवशावर नाही. माशाच्या दोन्ही कुशींवर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक ठिपक्यांची रेघ असते, तिला पार्श्वरेषा म्हणतात, आणि त्या रेघेत पाण्याची हालचाल टिपणाऱ्या पेशी असतात. शेजारून लहान मासा गेला की त्याने बाजूला सारलेलं पाणी या रेघेला लागतं आणि मोठ्या माशाला कळतं की इथे काहीतरी चाललंय. मस्की म्हणजे पाइक या दातांच्या शिकारी माशाच्या कुळातला सगळ्यात मोठा मासा, त्याच्यावरचा एक अभ्यास 2001 साली आला होता, त्यात दृष्टी गेलेले मासे भक्ष्यामागे दबा धरून जात नव्हते पण भक्ष्य अगदी जवळ आलं की झडप मात्र घालत होते. म्हणजे लांबून शोधायचं काम डोळ्यांचं, पण जवळ आल्यावर नुसत्या पार्श्वरेषेवरही मासा नेम धरू शकतो, आणि आपल्याला फ्लाय बांधायची आहे ती या जवळच्या टप्प्यासाठी.

आता पाणी ढकलायचं म्हटलं की नवीन बांधणारा पहिली गोष्ट काय करतो, तर केस वाढवतो. जाड, गच्च, ब्रशसारखी फ्लाय बांधतो. मीही बरीच वर्षं हेच केलं. अशी फ्लाय हातात भारदस्त दिसते पण भिजली की ओल्या फडक्यासारखी होते, फेकताना मनगट दुखतं, आणि पाण्यात सगळे केस एकमेकांना चिकटून ती बारीक काठीसारखी दिसायला लागते. पाणी ढकलतो तो आकार, त्याचा मालाशी फारसा संबंध नाही. पुढे रुंद आणि थोडं बोथट डोकं, त्याच्या मागे उभी राहिलेली केसांची कॉलर, आणि त्यामागे पोकळ, आरपार दिसेल असं अंग. एवढं जमलं की नेहमीच्या निम्म्या केसांत दुप्पट मोठी दिसणारी फ्लाय होते आणि हवेत एकदा झटकली की पाणी सोडून हलकी होते.

ही कल्पना जुनीच आहे. हरणाच्या केसांचं कातरलेलं डोकं लोकप्रिय झालं ते मडलर मिनोमुळे, ती डॉन गेपन यांनी 1930 च्या दशकात कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात निपिगॉन नदीवर बांधली, तळाशी राहणाऱ्या चपट्या डोक्याच्या स्कल्पिन माशाची नक्कल म्हणून. आणि पोकळ अंग बांधायची जी उलटी पद्धत आपण खाली वापरणार आहोत ती न्यू जर्सीच्या बॉब पोपोविक्स यांनी समुद्रातल्या स्ट्राइप्ड बाससाठी रुळवली. पुढे पाइक आणि मस्कीच्या मागे लागलेल्या लोकांनी या दोन गोष्टी एकत्र केल्या, मागे हरणाच्या शेपटीच्या केसांचं पोकळ अंग आणि पुढे कातरलेलं डोकं. आपण तेच बांधतोय.

सामान

हुक 4/0, तोंड रुंद आणि दांडी मध्यम लांबीची. लहान माशांसाठी 1/0 किंवा 2/0 घेतला तरी पद्धत हीच, फक्त मापं त्या प्रमाणात कमी करा. दोरा मात्र साधा चालणार नाही. जेलस्पन नावाचा दोरा मिळतो, 200 डेनियरचा घ्या (डेनियर म्हणजे दोऱ्याच्या जाडीचं माप). हरणाचे केस फुलवायला जो ताण द्यावा लागतो त्यात साधा दोरा तटकन तुटतो. 100 डेनियरचा जेलस्पन तुटत नाही पण बारीक असल्यामुळे जास्त ओढलात तर केसच मधोमध कापतो, म्हणून सुरुवातीला 200. हा दोरा भलताच गुळगुळीत असतो, दांडीवर घसरतो, त्याला आधी मेण लावून घ्या.

केस दोन प्रकारचे लागतात आणि त्यांची गल्लत करू नका. अंगासाठी बकटेल, म्हणजे हरणाच्या शेपटीचे लांब केस. डोक्यासाठी हरणाच्या पोटाचे केस, हे जाड, आतून स्पंजसारखे, दोरा आवळला की काटकोनात उभे राहतात. पाठीचे केसही चालतात पण ते जरा बारीक असतात, डोकं तितकं घट्ट होत नाही. हरणाचे केस विकत घेणं आणि जवळ बाळगणं तुमच्याकडे कायद्यात बसतं का ते आधी बघून घ्या, बसत नसेल तर अंगासाठी लांब सिंथेटिक केस आणि डोक्यासाठी मेंढीची लोकर वापरा. लोकरीचं डोकंही चांगलं पाणी ढकलतं, फरक एवढाच की ते पाणी पितं आणि बुडतं, तर हरणाच्या केसांत हवा असल्याने ते तरंगतं.

बाकी हुक घट्ट धरायचा व्हाइस, दोऱ्याची रीळ धरणारं बॉबिन (सिरॅमिक नळीचं असेल तर उत्तम, धातूच्या नळीला बारीक खरखर असली तर दोरा तिथे कुरतडला जातो), बारीक दातांची फणी, केसांचे शेंडे एका पातळीत आणायचा स्टॅकर, केस मागे दाबायचा पॅकर, धारदार कात्री, दोन्ही बाजूंनी धार असलेली दाढीची ब्लेड, सुपरग्लू, यूव्ही उजेडाने कडक होणारं यूव्ही रेझिन आणि त्याचा टॉर्च. पॅकर नसेल तर रिकाम्या बॉलपेनची पुढची निमुळती नळी घ्या, हुकच्या डोळ्यावरून, म्हणजे दोरी बांधायच्या पुढच्या कडीवरून, सहज सरकायला हवी. ती नळी अंग बांधतानाही लागणारच आहे. शिवाय चार-सहा चमकीचे धागे आणि मागच्या शेपटीसाठी कोंबड्याच्या मानेजवळची लांब पिसं, तीन-तीनच्या दोन जोड्या. पिसं नसतील तर नुसत्या बकटेलची शेपटीही चालते.

हुक तयार करणं

हुकच्या टोकाजवळचा काटा पक्कडीने दाबून चपटा करायचा असेल तर तो आत्ता करा. फ्लाय पूर्ण झाल्यावर काटा दाबताना टोक तुटलं तर तासाभराचं काम गेलं, माझं गेलेलं आहे.

हुक व्हाइसमध्ये घट्ट बसवा, दांडी आडवी सरळ. आता डोळ्यांनीच दांडीचे तीन भाग पाडा. मागचा भाग शेपटीचा, मधला पोकळ अंगाचा, पुढचा डोक्याचा. दोरा फक्त मागच्या दोन भागांवर गुंडाळायचा आणि पुढचा तिसरा भाग कोरा ठेवायचा, कारण हरणाचे केस उघड्या धातूवरच छान फिरतात, खाली दोरा असला की अडकतात. नवीन माणसाकडून सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे अंग बांधता बांधता पुढे सरकत जाणं, आणि शेवटी डोक्याला चार मिलिमीटरही जागा उरत नाही. मी तिथे मार्करने एक खूण करतो आणि काहीही झालं तरी ती ओलांडत नाही.

वजन हवं असेल तर मागच्या अर्ध्या दांडीवर बिनशिशाच्या तारेचे सात-आठ वेढे घाला. माझा सल्ला, पहिल्या दोन-तीन फ्लाय बिनवजनाच्याच बांधा. वजनाने फ्लायच्या बऱ्याच चुका झाकल्या जातात आणि मग डोकं बरोबर कातरलंय की नाही ते कळतच नाही.

शेपटी

बकटेलचा तुकडा हातात घेऊन नीट बघा, शेंड्याकडचे केस सरळ आणि कडक असतात, आवळले तरी फारसे फुलत नाहीत, आणि बुडाकडचे केस पोकळ, ते लगेच पसरतात. शेपटीला वरच्या टोकाकडचे घ्या. काडेपेटीच्या काडीइतका जाड झुपका, जास्त नाही. शेंडे एका हातात धरून बुडख्याकडून आखूड केस आणि मऊ लव फणीने काढून टाका. मग दांडी जिथे वाकायला लागते तिथे बांधा, शेंडे मागे, लांबी साधारण 9 सेंटीमीटर.

त्यावर पिसं, तीन एका बाजूला तीन दुसऱ्या बाजूला. पिसांचा बाक बाहेरच्या बाजूला येऊ द्या म्हणजे पाण्यात ती मिटून उघडतात. आत वळवलीत तर फ्लाय सडपातळ दिसते आणि तेही काही वेळा हवंच असतं, पण आज नको. चमकी दोन्ही बाजूंना दोन-दोन धागे, लांबी सगळी एकसारखी ठेवू नका. बुंध्याशी सुपरग्लूचा एक थेंब. थेंब म्हणजे खरंच एक थेंब, जास्त झाला तर तो केसांतून वर चढतो आणि शेपटी काडीसारखी कडक होते.

पोकळ अंग, म्हणजे उलटं बांधायचं

इथून फ्लायला आकार यायला लागतो. बकटेलच्या मधल्या आणि खालच्या भागातले केस घ्या, पेन्सिलच्या निम्म्या जाडीचा झुपका. लव काढा. आता शेंडे मागे न ठेवता पुढे, हुकच्या डोळ्यापलीकडे जातील असे धरा आणि बुडखे दांडीवर ठेवून दोन सैल वेढे घ्या. मग बोटांनी केस दांडीभोवती सगळीकडे सारखे पसरवा, वर, खाली, दोन्ही बाजूंना, आणि पसरले की दोरा आवळा. चार-पाच घट्ट वेढे, मागे राहिलेले बुडखे कात्रीने जवळून कापा.

या क्षणाला फ्लाय विचित्र दिसते, सगळे केस पुढे, छत्री वाऱ्याने उलटी व्हावी तशी. आता ती पेनची नळी डोळ्यावरून आत सरकवा आणि सगळे केस एकदम मागे लोटा. केस दुमडून मागे जातात, नळी तशीच धरून ठेवा, दोरा त्यांच्या पुढे आणा आणि केसांच्या मुळाशी टेकवून वेढे घालत जा, दोऱ्याचा एक छोटा बांध तयार होतो. नळी काढली की केस थोडे पुढे येऊन बांधाला टेकून उभे राहतील. बांधाचे वेढे केसांवर चढवले तर केस आडवे झोपतात, बांध लहान ठेवून नुसता मुळाला टेकवला तर जास्त उभे राहतात. पाणी ढकलायला आपल्याला साधारण 45 अंश हवेत. एकेक वेढा घालून बघा, थांबा, परत बघा, इथे घाई करू नका.

असे दोन थर बांधायचे. दुसरा थर पहिल्याच्या तीन-चार मिलिमीटर पुढे, त्याचे केस थोडे आखूड पण झुपका थोडा जाड. झालं की पुढून बघा, केसांचा गोल पोकळ शंकू दिसला पाहिजे आणि त्यातून पलीकडचा उजेड दिसला पाहिजे. उजेड दिसत नसेल तर केस जास्त झालेत. एका बाजूला विरळ आणि दुसऱ्या बाजूला दाट असेल तर आत्ताच सोडवून परत बांधा, कारण ही असमानता पुढे डोकं कितीही चांगलं कातरलं तरी फ्लायला पाण्यात गोल फिरवते.

अंग संपलं की दोऱ्याची गाठ मारा, थेंबभर सुपरग्लू, आणि पाच मिनिटं हात मोकळे करा. पुढच्या कामात हाताला ताण येतो.

डोकं

पहिला झुपका वेगळा असतो कारण त्याचे शेंडे आपल्याला कॉलर म्हणून ठेवायचे आहेत. पोटाचे केस पेन्सिलइतके जाड घ्या, कातड्याजवळून कापा, फणीने लव पूर्ण काढा. लव राहिली की केस फुलतच नाहीत, कितीही ओढा, आणि माणूस उगाच दोऱ्याला दोष देतो. स्टॅकरमध्ये शेंडे खाली घालून टेबलवर सात-आठ वेळा ठोका, बाहेर काढलात की सगळे शेंडे एका रेषेत. हा झुपका दांडीच्या वरच्या अंगाला ठेवा, शेंडे मागे, अंगावर साधारण 3 सेंटीमीटर येतील इतके. दोन सैल वेढे, मग दोरा सरळ आपल्याकडे ओढत आवळा, आणि झुपका दुसऱ्या हाताच्या चिमटीत पक्का धरून ठेवा म्हणजे तो फिरणार नाही. आता हुक उलटा करून तसाच दुसरा झुपका खालच्या अंगाला. वरचा-खालचा रंग वेगळा ठेवायचा असेल, वर गडद खाली फिका, तर तो इथेच मिळतो.

पुढच्या झुपक्यांचे शेंडे लागत नाहीत, कापून टाका, दोन्ही टोकं सपाट. झुपका दांडीवर तिरका धरा, मधोमध दोन सैल वेढे. आता हळूहळू ओढायला लागा, केस उठायला लागलेत असं दिसलं की चिमूट सोडून द्या आणि दोरा तसाच ओढत तिसरा वेढा त्याच जागी घ्या. केस एकदम दांडीभोवती फिरतात आणि चहूबाजूंनी उभे राहतात. हे बरोबर झालं की हाताला कळतं, दोऱ्याची गुळगुळीत ओढ अचानक थांबते आणि पुढे काही सरकत नाही. ती ओढ थांबेपर्यंत सोडू नका. मग दोरा केसांमधून नागमोडी दोन-तीन वेळा फिरवा, प्रत्येक वेढ्याला थोडा इकडे-तिकडे हलवत, म्हणजे खाली केस दबून राहत नाहीत. सगळे केस बोटांनी मागे सारा, दोरा पुढे आणा, समोर चार घट्ट वेढे आणि एक अर्धी गाठ.

आता पॅकर. डाव्या हाताची बोटं कॉलरच्या मागे टेकवून आधार द्या आणि उजव्या हाताने पॅकर डोळ्याकडून मागे दाबा, थोडं पिरगाळत. मागचा आधार नसेल तर आधी बांधलेलं अंग मागे सरकतं. आणि हुकचं टोक कुठे आहे ते प्रत्येक वेळी बघा, दाबताना हात घसरला की थेट तळहातात जातं. मी टोकावर खोडरबरचा तुकडा खोचून ठेवतो.

असे तीन किंवा चार झुपके, प्रत्येकानंतर पॅकर. इथे दोन मतं आहेत. काही जण डोकं लाकडासारखं टणक होईपर्यंत केस ठासतात. पाण्यावर तरंगणाऱ्या पॉपर नावाच्या फ्लायला ते ठीक, पण पाण्याखाली चालणाऱ्या फ्लायला मला ते पटत नाही, कारण फार टणक डोक्यात हवा इतकी अडकते की फ्लाय वरच राहते. बोटाने दाबल्यावर जरासं दबून परत वर यावं, ताज्या पावासारखं, इतपत पुरे. डोळ्यामागे दोन मिलिमीटर जागा ठेवून शेवटची गाठ मारा. जेलस्पनची गाठ सुटते, म्हणून दोनदा मारा आणि सुपरग्लू दोऱ्याला लावून मग गाठ आवळा. दोरा कात्रीच्या टोकाने कापायला गेलात तर तो नुसता दुमडतो, कात्रीच्या मुळाशी, जिथे पाती घट्ट मिळतात, तिथे कापा.

कातरणी

व्हाइसमधून काढलेली फ्लाय आता एखाद्या विस्कटलेल्या साळिंदरासारखी असते. आधी उकळत्या पाण्याच्या वाफेवर पाच-सात सेकंद धरा, पक्कडीने धरा, हाताने नको. वाफ लागली की दबलेले, वाकलेले केस उभे राहतात, आणि आत्ता उभे न राहिलेले केस पहिल्यांदा पाण्यात गेल्यावर उभे राहून सगळा आकार बिघडवतात. मग सुकू द्या.

ब्लेड कागदाच्या वेष्टनात असतानाच लांबीच्या बाजूने मधोमध दुमडून मोडा म्हणजे दोन पात्या होतात, एक एक धारेची. डोळ्यांवर चष्मा घाला. पहिला काप खालचा, डोळ्यापासून मागे, दांडीच्या जवळून सपाट. हुकचं तोंड मोकळं राहणं या कापावर अवलंबून आहे, खाली केस राहिले तर मासा तोंडात घेतो आणि हुक न लागता सोडून देतो. कापताना दोऱ्याला धार लागू देऊ नका, एकच वेढा कापला गेला तरी डोकं सैल होतं.

मग दोन बाजू. पाती अंगठा आणि बोटाच्या मध्ये हलकी वाकवून कमान करा आणि पुढून मागे एका दमात न्या, करवतीसारखी मागेपुढे नको. डोळ्यापाशी अरुंद आणि कॉलरपाशी रुंद, वरून बघितलं तर पाचरीसारखं, मागची रुंदी साधारण 2 सेंटीमीटर. कॉलरचे शेंडे येतात तिथे थांबा, ते कापले गेले तर परत येत नाहीत. शेवटी वरचा भाग, किंचित गोलाई देऊन. प्रत्येक डोक्याला नवीन पाती घ्या, या केसांनी धार फार लवकर जाते आणि बोथट पाती केस कापायच्या ऐवजी ओढते.

आकाराचं थोडं समजून घ्या, कारण इथेच फ्लायचा स्वभाव ठरतो. डोळ्याकडचा भाग बंदुकीच्या गोळीसारखा निमुळता केलात तर फ्लाय गुपचूप सरकते. तोच भाग थोडा बोथट ठेवला तर पाणी बाजूला फेकते. वरचा भाग उतरता आणि मागची कॉलर ताठ ठेवली तर ओढल्यावर खाली बुडी मारते, लॅरी डाहलबर्ग यांची डायव्हर नावाची फ्लाय याच तत्त्वावर चालते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डावी-उजवी बाजू. डोळ्याच्या बाजूने फ्लाय आपल्याकडे तोंड करून धरा आणि बघा. एक गाल दुसऱ्यापेक्षा फुगलेला असेल तर त्याच बाजूचा एक पातळ थर अजून काढा. कमी कमी कापत जा.

शेवटी डोक्याच्या पुढच्या भागावर आणि खालच्या सपाट भागावर यूव्ही रेझिनचा पातळ हात देऊन टॉर्च मारा. दातांच्या माशांपुढे नुसते केस फार टिकत नाहीत, शिवाय कडक झालेला पुढचा भाग पाणी जास्त जोरात बाजूला सारतो. टॉर्चच्या उजेडाकडे थेट बघू नका आणि खिडकी उघडी ठेवा.

पाण्यात घालून बघणं

बाथटब, मोठी टाकी, काहीही चालेल, पण बघितल्याशिवाय माशासमोर नेऊ नका. आधी फ्लाय मुठीत धरून पाण्याखाली दाबा, बुडबुडे येणं थांबेपर्यंत. मग दोन हात दोरी बांधून एकदा जोरात ओढा आणि लगेच थांबा. हे नीट बघा. ओढताना डोकं पाणी दोन्ही बाजूंना फेकतं आणि अंगाचे केस मिटतात. थांबल्याबरोबर रुंद डोकं पाण्यात अडून जागीच राहतं, पण मागचं लांब अंग आलेल्या वेगाने पुढे येत राहतं, त्याला पुढे जायला वाव नसतो म्हणून ते बाजूला वळतं आणि सगळी फ्लाय आडवी होऊन आपली कूस दाखवते. त्याच वेळी मिटलेले केस परत उघडतात. जखमी मासा असाच क्षणभर आडवा होतो, आणि पाइकची झडप बऱ्याचदा या थांबण्यातच येते.

फ्लाय आडवी होत नसेल तर डोकं अरुंद आहे किंवा शेपटी आखूड आहे. ओढताना स्वतःभोवती फिरत असेल तर डोक्याच्या दोन बाजू सारख्या नाहीत, तिथेच पाती घेऊन दुरुस्त करा. पोट वर करून तरंगत असेल तर वरच्या केसांपेक्षा खाली जास्त केस राहिलेत, खालचा काप अजून सपाट करा, आणि तरीही उलटत असेल तर पुढची फ्लाय बांधताना मागच्या दांडीवर तारेचे ते सात-आठ वेढे घाला. पाण्यातून बाहेर काढून एकदा हवेत झटका, पाणी उडून गेलं पाहिजे. झटकल्यावरही धार लागून ठिबकत राहिली तर अंगात केस जास्त आहेत आणि तो इलाज आता या फ्लायवर नाही, पुढच्या फ्लायवर आहे.

वापरताना

या मापाच्या फ्लायला 9 वजनाची काठी घ्या (हा काठीच्या ताकदीचा नंबर आहे, किलो नाही), 8 वर निभावतं पण दिवसभर नाही. लाइन, म्हणजे फेकायची जाड दोरी, पुढच्या आखूड भागात वजन असलेली आणि लीडर, म्हणजे लाइन आणि फ्लाय यांच्या मधला बारीक दोरा, दीड मीटरच्या आत, लांब निमुळता लीडर इतकी रुंद फ्लाय उलटवून सरळ टाकू शकत नाही. मासा दातांचा असेल तर शेवटी हातभर तार. बुडणारी लाइन लावली तर मजा येते, लाइन खाली जाते आणि हवा भरलेलं डोकं वर राहायला बघतं, म्हणून ओढलं की फ्लाय खाली डोकावते आणि थांबलं की हळूच वर उठते. ओढण्याची लय एकसारखी ठेवू नका, एक लांब, दोन आखूड, आणि मध्ये पूर्ण थांबा. थांबल्यावर लाइन सैल सोडा, ताणलेली ठेवली तर फ्लायला वळायला जागाच मिळत नाही. आणि ओढ जाणवली की काठी वर उचलू नका, काठी खालीच ठेवून हाताने लाइन जोरात मागे खेचा, इतक्या जाड हुकला काठीच्या लवचिक टोकाने जोर पुरत नाही.

घरी आल्यावर फ्लाय गोड्या पाण्यात धुवा, केस फणीने मागे विंचरा आणि डब्यात न टाकता हुकच्या वाकावर टांगून सुकवा. ओलीच डब्यात बंद केली तर हुक गंजतो आणि अंगाचे केस दबतात त्याच आकारात वाकडे सुकतात. तसं झालंच तर परत पाच-सात सेकंद वाफेवर धरा, केस उठतील, आणि उठलेले चार केस डोक्याबाहेर आले असतील तर पातीने तेवढेच काढा.